ऐकणाऱ्यांची बाजू



मालदांडी ज्वारीचा ३५-१ हा वाण ज्या मातीत निवडला गेला, त्या मोहोळात स्वागत समिती सर्वांचं स्वागत करते. पुण्या-मुंबईच्या पॉडकास्टवाल्यांसाठी दुपारी त्याच ज्वारीची भाकरी आहे. ती डाउनलोड होत नाही, पंगतीतच बसावं लागतं.

हे संमेलन श्रोत्यांचं, तेव्हा १९५६ची आठवण काढायला हवी. पुणे आकाशवाणीवर गदिमा-बाबूजींचं ‘गीतरामायण’ समाप्तीकडे निघालं होतं. ५६ गीतांची ती मालिका सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच केंद्रानं त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं आणखी एक प्रयोग केला. तो मात्र विस्मरणात गेला.

पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत तेव्हा श्रोत्यांची शेतकरी मंडळं निघाली. कल्पना मूळ कॅनडाची. आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस गावकरी रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. सेट बंद झाला की खरी बैठक सुरू. शेती, आरोग्य, ग्रामपंचायत, ज्याला जे पटलं नाही ते तो बोलून दाखवी. अक्षरओळख नसलेलाही त्यात मागे नसे. चिटणीस टिपण करी, शंका केंद्राकडे जात आणि पुढे रेडिओवरूनच उत्तरं येत. असे २० कार्यक्रम झाले.

टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचं मोजमाप केलं. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या जवळपासही आली नाहीत. म्हणजे कर्णा लावून भागत नाही, बोलायला जागा लागते.

आज पॉडकास्टवाल्याला श्रोत्यानं कितव्या मिनिटाला बंद केलं ते कळतं. का केलं, ते कळत नाही. हेडफोन घालून ऐकणारा वाद तरी कोणाशी घालणार? शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८पासून चालणाऱ्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओवर मात्र गावातल्या बायकाच माइकसमोर बसतात. ऐकणाऱ्यांनीच बोलण्याचा हा धागा स्वागत समितीला जास्त मोलाचा वाटतो.

म्हणून दुपारच्या सत्रात बैठक उलटी ठेवली आहे. श्रोते व्यासपीठावर, निर्माते समोर सतरंजीवर. प्रश्नांच्या चिठ्ठ्या दाराशी ठेवलेल्या डब्यात टाकाव्यात, नाव लिहायची सक्ती नाही. निर्मात्यांनी वही-पेन घेऊन यावं.