थिनरच्या वासाची सवय होत नाही
(रत्नागिरी येथे महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



स्क्रीन प्रिंटिंग हा बायकांना घरबसल्या करता येण्याजोगा उद्योग म्हणून शिबिरांतून शिकवतात. भांडवल थोडं, जागा घरचीच. तुमच्यापैकी काहीजणी लग्नपत्रिका, कापडी पिशव्या छापता. त्या कामातल्या थिनरबद्दल मला आज बोलायचं आहे.

शाई पातळ करायला आणि स्क्रीन पुसायला वापरतो त्या थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, झायलीन असतं. त्यानं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातांना भेगा पडतात. "वासाची सवय होते," असं आपण म्हणतो. सवय नाकाला होते, मेंदूला होत नाही. गरोदरपणी टोल्युइन जास्त प्रमाणात शरीरात गेलं तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारी. आपण जमिनीवर बसून छापतो, आणि तिथंच मूल रांगत असतं. पावसाळ्यात खिडक्या बंद, छापलेला माल त्याच खोलीत वाळत घातलेला, पलीकडे गॅस पेटलेला. ही वाफ पेट घेते हेही विसरू नका.

स्क्रीनच्या कोटिंगमध्ये काही ठिकाणी नारिंगी बायक्रोमेट घालतात. त्यातल्या क्रोमियमनं कातडीवर लवकर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि ते श्वासातून जात राहिलं तर कर्करोगाचा धोका असतो.

जपानमध्ये ओसाका शहरातल्या एका छापखान्यातल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं 2012 मध्ये उघड झालं. यंत्रावरची शाई पुसण्याचं द्रावण, आणि हवा खेळती नसलेली खोली. त्या द्रावणातलं 1,2-डायक्लोरोप्रोपेन कर्करोगकारक असल्याचं 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ठरवलं. तिथं एका छपराखाली अनेकजण आजारी पडले, म्हणून संशय तरी आला. आपण एकेकट्या आपापल्या घरात. आपला आजार कोण मोजणार? एका बाईंचा केसपेपर मी पाहिला. तक्रार डोकेदुखीची आणि हातावरच्या पुरळाची. व्यवसायापुढे लिहिलं होतं, 'गृहिणी'.

कायद्याचंही तसंच. 1948 च्या कारखाना कायद्यानं विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 आणि विजेविना 20 कामगार असले तर कारखाना मानला. 2020 च्या संहितेनं हे आकडे 20 आणि 40 केले. दोघी जावा मिळून पत्रिका छापतात, त्या यात कुठं बसणार? घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये करार केला. भारतानं तो अजून मान्य केलेला नाही.

हे काम सोडा असं मी म्हणणार नाही. त्या पैशांवर मुलांच्या फिया भरल्या जातात हे मला ठाऊक आहे. पण कापडावर पाण्याच्या रंगांनी छापता येतं. बायक्रोमेटऐवजी डायझो मिळतं, ते मागून घ्या. डब्याचं झाकण लावा, भिजलेली चिंधी झाकणाच्या डब्यात टाका. माल पडवीत वाळवा. हात थिनरनं धुऊ नका; आधी खोबरेल लावा, मग साबण. तोंडाला पदर बांधून वाफ अडत नाही, आणि गूळ-दूध घेऊन ती शरीरातून निघत नाही. मुलं त्या खोलीत नकोत, गरोदर बाईनं थिनरला हात लावू नये.

आणि डॉक्टरांकडे गेलात तर आपणहून सांगा, "मी छपाईचं काम करते." केसपेपरवर तसं लिहून घ्या. शिबिर घेणाऱ्यांना विचारा, डब्यात काय आहे ते शिकवणार का? हे प्रश्न एकटीनं विचारणं अवघड जातं. गटानं मिळून विचारूया.