विद्येचें बिऱ्हाड

एखाद्या गांवांत महाविद्यालयाची इमारत उभी राहिली म्हणजे तें गांव विद्येचें माहेर झालें, असा समज सर्वत्र दिसून येतो. परंतु विद्या गांवांत येणें निराळें आणि ती गांवची होणें निराळें. पहिल्या गोष्टीस दगड, चुना व द्रव्य पुरे होतें. दुसरीस शेजारधर्म लागतो. मावळांतील तळेगांव-दाभाडे व लोणावळें या दोन गांवांकडे पाहिलें असतां हा भेद चटकन ध्यानांत येतो.

हीं दोन्ही नगरें मध्यम आकाराचीं. 2011 च्या जनगणनेंत प्रत्येकाची वस्ती 60,000 च्या आंतच भरली. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी 1858 सालीं धांवूं लागली. 1863 सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन मुंबई जोडली गेली, आणि हवा पालटण्यास येणाऱ्या धनिकांचे बंगले लोणावळ्यास उठले. विद्येनेंही पुढें हीच वाट धरली. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळींत प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय तळेगांवीं आलें. 1910 मध्यें सरकारनें तें बंद पाडलें. त्याच गांवीं 1908 मध्यें पैसा फंडाचा कांचेचा कारखाना निघाला. लोकांच्या एकेक पैशांतून उभा राहिलेला तो कारखाना तरुणांस कांचकाम शिकविणारी शाळाही होता. लोणावळ्यास 1924 मध्यें स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें शास्त्रीय संशोधन चालविलें. 1945 पासून नौदलाची यंत्रविद्या शिकविणारी ‘शिवाजी’ ही संस्थाही तेथेंच आहे. समुद्रावर जावयाचें, त्यांचें शिक्षण सह्याद्रीच्या माथ्यावर, अशी ही गंमत आहे!

आज लोणावळ्याजवळ कुसगांवास अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे. तळेगांवांत वैद्यक आहे, कला-वाणिज्यही आहे. 1978 मध्यें पुणें-लोणावळें लोकल सुरू झाल्यापासून मळवली, कामशेत, कान्हें, वडगांव हीं स्थानकें जणूं वर्गाचे उंबरठेच बनलीं आहेत. सकाळच्या गाडींत एका बांकावर दुधाच्या बरण्या, दुसऱ्यावर उघडीं पुस्तकें, असें दृश्य दिसतें.

अशा गांवांतील संसार विद्यार्थ्यांच्या पंचांगानें चालतो. जूनमध्यें पाऊस आणि नवे विद्यार्थी एकदमच येतात. माडीवरची खोली भाड्यानें जाते, खानावळीचीं पानें वाढतात, वाणी नवी वही घालतो. परीक्षा संपली कीं रस्ते ओस पडतात. विद्यार्थी हें गांवचें एक पीकच झालें आहे. आणि पिकाकडे केवळ उत्पन्न म्हणून पाहण्याची संवय लागली म्हणजे माणूस दृष्टीआड होतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हांत वाढलेला मुलगा लोणावळ्याच्या पावसांत प्रथमच येतो. चार चार दिवस कपडे वाळत नाहींत, भिंतींना ओल येते, आणि एके रात्रीं त्यास ताप भरतो. अशा वेळीं खालच्या मजल्यावरून कोणी पेजेची वाटी वर आणली, तर तो मुलगा हें गांव जन्मभर विसरत नाहीं. कोणी केवळ भाड्याची तारीख आठवून दिली, तर तेंही तो विसरत नाहीं. उलट, विद्यार्थ्यांसही आपलें कांहीं देणें लागतें. रविवारीं सहलकऱ्यांच्या मोटारींनीं लोणावळ्याचा रस्ता तुंबतो आणि गांवकऱ्यास घराबाहेर पडणें कठीण होतें. त्या सहलकऱ्यांप्रमाणेंच चार वर्षें राहून जाणें विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

याहून गंभीर प्रश्न मावळच्या स्वतःच्या लेकरांचा आहे. दूरचीं मुलें येथें शिकण्यास येतात. परंतु नाणे मावळांतल्या किंवा पवन मावळांतल्या शेतकऱ्याच्या मुलीस तेंच महाविद्यालय दूर असतें. तिचें शिक्षण केवळ बुद्धीवर अवलंबून नाहीं. संध्याकाळची लोकल उशिरा आली, पुढची मोटार चुकली, आणि असें पुन्हां पुन्हां घडलें, तर घरांत एके दिवशीं हळूच निर्णय होतो कीं, आतां पुरे. त्या निर्णयाची नोंद कोठल्याही हजेरीपटांत होत नाहीं. केवळ एक नांव कमी होतें. गांवांत महाविद्यालयें किती, यापेक्षां शेवटच्या गाडीनें किती मुली निर्धास्त घरीं पोंचतात, हें विद्येचें खरें माप होय.

विद्या गांवची कशी होते, याचें उदाहरण शोधण्यास मावळाबाहेर जावयास नको. वडगांवच्या भातसंशोधन केंद्रांत सुगंधी आंबेमोहर आणि भरघोस उत्पन्न देणारें परदेशी आय्. आर्. 8 यांच्या संकरांतून ‘इंद्रायणी’ हें वाण तयार झालें. 1987 मध्यें तें शेतकऱ्यांच्या हातीं आलें आणि आज श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या पानांत त्याचा भात असेल. येथल्या मातीनें वास दिला, बाहेरच्या बीजानें बळ दिलें. संशोधकाची विद्या खाचरांत उतरली आणि तेथून घरोघरच्या चुलीपर्यंत गेली.

गांव आणि महाविद्यालय यांचाही असाच संयोग व्हावयास हवा. बाहेरून आलेल्या मुलास येथें घर मिळावें आणि येथल्या मुलीस घरून महाविद्यालयापर्यंत वाट मिळावी. हें साधलें, तर मावळांत उतरलेली विद्या बिऱ्हाडकरू राहणार नाहीं. ती घरचीच होईल.