कुठली भिंत रंगवायची?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण आमच्या घरात ह्यावरून आठवडाभर अबोला होता.

पुण्यातला आमचा वन बीएचके. हॉलच्या तीन भिंती पांढऱ्या आणि एक गडद मोरपंखी, इतकं मी ठरवून टाकलं होतं. प्रश्न होता, कुठली? माझं मत, सोफ्यामागची. फोटोत तीच येते, मीटिंगमध्ये मागे तीच दिसते. आई म्हणाली, "खिडकीची कर."

मी लगेच लॉजिक सांगितलं. खिडकीतून उजेड डोळ्यांवर येतो, त्यामुळे दिवसा ती भिंतच काळपट दिसते. रंग कळणारच नाही. बाथरूमला लागून असलेली भिंत पेंटर काकांनी बाद केली, कारण तिथे ओल होती. ओलीवर गडद रंग मारला की पोपडे आणि पांढरे क्षार जास्तच उठून दिसतात. आधी गळती काढा, भिंत वाळू द्या, मग पुट्टी-प्रायमर.

आणि शेड कार्डवर जाऊ नका! त्या चिमुकल्या तुकड्यावर रंग दिसतो त्यापेक्षा अख्ख्या भिंतीवर तो बराच गडद वाटतो. दोन बाय दोन फुटांचा नमुना मारून घ्या, दोन हात. सकाळी, दुपारी आणि रात्री लाइट लावून बघा. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोण जातं? (जातात, मला माहितीये.)

तर मी नमुना मारला सोफ्यामागे, आणि बघायला बसलो आईच्या खुर्चीत. मान पूर्ण वळवावी लागली. समोर खिडकी, ग्रिल, आणि पलीकडच्या बिल्डिंगची पाठ. बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून आणलं, त्याला दोन वर्षं झाली. ती दिवसभर इथेच बसते.

"खिडकीचीच का म्हणालीस गं?"

"तिकडे समोर अंगण होतं. इथे समोर काय आहे?"

दोन वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली. लॉजिक माझं बरोबर होतं हो, पण मी तिला कारणच विचारलं नव्हतं.

शेवटी सोफ्यासमोरची भिंत घेतली. खिडकीचा उजेड तिच्यावर बाजूने पडतो. आईची खुर्ची तिकडे वळवली. रंग तिने निवडला, गेरूचा. मला फारसा आवडलेला नाही, आणि मीटिंगमध्ये मागे अजूनही पांढरी भिंतच दिसते.

उरलेला रंग तिने कुंड्यांना लावून टाकलाय.