रात्र मोजणारी ग्रंथी

रात्रीवर आम्ही कवींनी फार लिहिलं. विरहाची रात्र, चांदण्याची रात्र, न सरणारी रात्र. आज मात्र मी फक्त रात्रीच्या लांबीबद्दल बोलणार आहे.

मेंदूत खोलवर, तुरीच्या दाण्याएवढी पिनियल नावाची ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन पाझरते, उजाडलं की थांबते. १९५८ साली अमेरिकेत अॅरन लर्नर यांनी गुरांच्या ग्रंथींतून हे द्रव्य वेगळं काढलं. गंमत अशी, की हे गृहस्थ कातडीच्या रोगांचे डॉक्टर. बेडकाची कातडी फिकी करणारं द्रव्य ते शोधत होते.

रात्र मोठी, तर पाझर जास्त वेळ. पिल्लं कधी घालायची हे मेलाटोनिन सांगत नाही. रात्र केवढी झाली, एवढंच कळवतं. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावायचा. लांब रात्रींचा निरोप मिळाला की थंड मुलखातली मेंढी माजावर येते, आणि त्याच निरोपाने हॅमस्टर नराचे वृषण आक्रसतात. मेंढीचा गर्भ पाच महिन्यांचा, हॅमस्टरचा दोन-अडीच आठवड्यांचा. पिल्लं मात्र दोघांनाही चारापाणी असतानाच हवीत. आमची बकरी ईद चंद्रावर चालते, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत सगळे ऋतू फिरून येते. मेंढीला तशी मोकळीक नाही. तिचं पंचांग सूर्याचं, फक्त ती ते अंधारात वाचते.

या वाचनात ढवळाढवळ झाली तर?

ऑस्ट्रेलियात टॅमर वॉलबी नावाचा छोटा कांगारू आहे. मादीच्या पोटातला शंभरेक पेशींचा गर्भ महिनोन्‌महिने वाढ थांबवून पडून राहतो. तिकडे २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा. त्यानंतर रात्री वाढू लागल्या की गर्भ जागा होतो आणि महिन्याभराने, जानेवारीच्या अखेरीस, पिल्लू जन्मतं. पिशवीतून ते बाहेर पडतं तेव्हा वसंत असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गार्डन बेटावर नौदलाचा तळ आहे. तळावरच्या दिव्यांखाली चरणाऱ्या वॉलबी आणि त्याच बेटावरच्या काळोख्या रानातल्या वॉलबी, अशी तुलना शास्त्रज्ञांनी केली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. दिव्यांखालच्या माद्यांत मेलाटोनिन कमी, आणि बाळंतपणं सुमारे महिनाभर लांबलेली. कुणी त्यांना इजा केली नव्हती, चारा तोडला नव्हता. फक्त रात्र नीट काळी होत नव्हती. उशिरा जन्मलेलं पिल्लू पिशवीतून बाहेरही उशिराच येणार, आणि तिथली हिरवळ तर उन्हाळा लागताच वाळते.

२०१८ साली याच जातीवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या एलईडीने मेलाटोनिन दबलं. पिवळसर, अंबर रंगाच्या एलईडीने ते अंधारात असतं तेवढंच राहिलं. आपल्याकडचे रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे मात्र आपण गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरवले, आणि जागोजागी लख्ख पांढरे लावले.