सामाईक मालकी आणि निगराणीचे श्रम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सामाईक मालकीचा विषय निघाला की जमीन, पाणी, जंगल, खाणी आणि कारखाने डोळ्यांसमोर येतात. ज्ञानाच्या क्षेत्रातील एक लहानशी वाटणारी सामाईक मालमत्ता मात्र समाजवाद्यांच्या चर्चेत सहसा येत नाही. जगभरच्या शोधनियतकालिकांच्या संदर्भशैलींचा मुक्त संग्रह ही ती मालमत्ता होय. ती कशी उभी राहिली आणि कोणाच्या श्रमावर टिकून आहे, हे पाहू गेल्यास मालकीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असा दुसरा एक प्रश्न पुढे येतो.

प्रथम वस्तुस्थिती. संशोधकाला आपल्या लेखात आधारभूत अशा प्रत्येक ग्रंथाचा व लेखाचा निर्देश करावा लागतो. पूर्वसूरींचे ऋण मान्य करणारी आणि वाचकाच्या हाती पडताळणीचे साधन देणारी ही रीत योग्यच आहे. परंतु हा निर्देश कसा करावा, याचे नियम नियतकालिकागणिक वेगळे. कोठे लेखकाचे आडनाव व वर्ष कंसात, तर कोठे नुसता क्रमांक. कोठे तीन लेखकांनंतर ‘व इतर’, तर कोठे सहांनंतर. कोठे खंडाचा क्रमांक ठळक, तर कोठे तिरपा. यांतील बहुतेक भेदांमागे शास्त्र नाही. छापखान्यांची आणि संपादकांची परंपरा आहे. एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे धाडायचा, तर सगळी संदर्भसूची नव्याने रचण्याची पाळी येते.

हे काम संगणक क्षणार्धात करू शकतो. मात्र त्यासाठी प्रत्येक नियतकालिकाचे नियम संगणकाला समजेल अशा भाषेत कोणीतरी लिहून ठेवावे लागतात. ही लिहून ठेवलेली नियमावली खाजगी असावी की सार्वजनिक, हा वाद केवळ तात्त्विक राहिला नाही. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ साली ‘झोटेरो’ ही मोफत व मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली. २००८ साली, त्या वेळी ‘एंडनोट’ या विक्रीच्या प्रणालीची मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्स कंपनीने या विद्यापीठाच्या विरोधात व्हर्जिनियात दावा गुदरला. एंडनोटच्या शैली-फायली झोटेरोला वाचता येतात, ही कंपनीची तक्रार होती. स्वल्पविराम कोठे द्यावा आणि वर्ष कोठे लिहावे, याच्या नियमांच्या फायलींवरून एक बलाढ्य कंपनी एका सार्वजनिक विद्यापीठाला न्यायालयात खेचते, यावरून या क्षेत्रातील हितसंबंध किती खोल आहेत याची कल्पना यावी. २००९च्या जूनमध्ये हा दावा फेटाळला गेला.

मक्तेदारीला खरे उत्तर मात्र न्यायालयाबाहेर तयार होत होते. ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ या नावाची एक खुली भाषा रचली होती. झोटेरोने ती स्वीकारली आणि २०१० साली तिची १.० ही आवृत्ती निघाली. या भाषेत लिहिलेल्या शैलींचा सामाईक संग्रह वाढत गेला आणि आज त्यात १०,०००हून अधिक शैली आहेत. कोणीही त्या फुकट घ्याव्या, वापराव्या, सुधाराव्या. श्रेय द्यावे आणि सुधारलेली शैली वितरित केल्यास ती त्याच अटींवर खुली ठेवावी, एवढेच परवान्याचे बंधन. सामाईक ते सामाईकच राहावे, अशी ही तरतूद आहे.

येथवर मालकीचा प्रश्न सुटला असे वाटते. परंतु विहीर गावाची आहे असे कागदावर लिहिल्याने तिच्यातील गाळ निघत नाही. या संग्रहाचेही तसेच आहे. नियतकालिके नावे बदलतात, एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातात, नियम फिरवतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०१९ साली आली. ‘शिकागो मॅन्युअल’ची अठरावी २०२४ साली आली. अशा प्रत्येक बदलाबरोबर शैली दुरुस्त करावी लागते आणि जुनी कोणाला हवी असेल तर तीही जपून ठेवावी लागते.

हे ओझे हलके करण्यासाठी एक चांगली व्यवस्था आहे. ज्या नियतकालिकांचे नियम एकच आहेत, त्यांची स्वतंत्र शैली लिहिली जात नाही. त्यांच्या छोट्या फायली एका मूळ शैलीकडे बोट दाखवतात. मूळ शैलीत एक चूक सुधारली की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी नियतकालिके सुधारतात. संग्रहातील बहुसंख्य शैली अशा अवलंबी आहेत. नवी शैली दाखल झाली की तिची रचना नियमानुसार आहे की नाही, हे यंत्र तपासते. परंतु त्यानंतरचे काम माणसाचे असते. नियतकालिकाच्या सूचना एक सांगतात आणि त्याच नियतकालिकात छापलेले लेख दुसरेच दाखवतात. अशा वेळी दोन्ही समोर ठेवून निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय घेणारी मंडळी मूठभर आहेत आणि त्यांतील बहुतेक स्वतःची नोकरी सांभाळून, विनावेतन हे काम करीत आली आहेत.

याच श्रमावर नफ्याचे व्यवहारही उभे आहेत. ‘मेंडली’ ही प्रणाली याच शैली वापरते आणि २०१३पासून ती एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीची आहे. एल्सेव्हियर ही जगातील सर्वांत मोठ्या शोधप्रकाशकांपैकी एक. मेंडलीने कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सहकार्याने शैली-संपादनाचे एक साधन तयार करून दिले, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. तरीही मूळ विसंगती उरतेच. नियमांचे जंगल प्रकाशकांनी वाढवायचे आणि त्यातून वाट काढण्याचे कष्ट मात्र स्वयंसेवकांनी उपसायचे, असा हा व्यवहार आहे.

यावर कोणी म्हणेल की, हजारो शैली जपण्यापेक्षा त्या रद्दच का करू नयेत? आक्षेप रास्त आहे. पहिल्या सादरीकरणासाठी कोणतीही सुसंगत शैली चालेल, असे काही प्रकाशक आता म्हणू लागले आहेत. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु रूढी मोडेपर्यंत तिचा भार दुर्बळांवर पडू न देणे हेही पुरोगामी चळवळीचे काम असते. श्रीमंत विद्यापीठातील संशोधकाला विकतची प्रणाली संस्थेकडून मिळते. तालुक्याच्या महाविद्यालयात पदरमोड करून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळेलच असे नाही. त्याच्यासाठी हा संग्रह चैन नसून समान संधीचे साधन आहे.

म्हणून तीन मागण्या पुढे ठेवल्या पाहिजेत. नियम बदलणाऱ्या प्रकाशकाने बदललेली शैली खुल्या भाषेत स्वतः तयार करून संग्रहाला द्यावी. विद्यापीठांनी असे निगराणीचे काम अध्यापकांच्या व ग्रंथपालांच्या शैक्षणिक कार्यात धरावे. आणि विकतच्या प्रणालींवर सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या संस्थांनी त्याचा काही हिस्सा सामाईक साधनांच्या देखभालीसाठी नियमितपणे राखून ठेवावा.

समाजवादी चळवळीने साधनांच्या मालकीचा प्रश्न नेहमी अग्रभागी ठेवला, आणि ते बरोबरच होते. पण मालकी एका ठरावाने बदलता येते. देखभाल रोज करावी लागते. जे सामाईक आहे ते चालू ठेवणाऱ्या श्रमाची नोंद, प्रतिष्ठा आणि वाटणी यांचा विचार केला नाही, तर ती मालमत्ता कोणी हिरावून न घेताही मोडकळीस येईल आणि लोक पुन्हा विकतच्या दुकानाच्या दारात उभे राहतील. सहकारी संस्था, वाचनालये आणि कामगार संघटना चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना हा धोका नवा नाही. त्यांनी आपल्या गावच्या महाविद्यालयात आणि ग्रंथालयात या मागण्यांपासून सुरुवात करावी.