चिवटपणा कोणाच्या जिवावर?

गरीब घरातल्या मुलांबद्दल बोलताना आपण ‘चिवट’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येणारं मूल दिसलं की कौतुक वाटतं. त्या कौतुकात आपली सोय दडलेली असते : मूल मुळातच चिवट असेल, तर शाळेने वेगळं काही करायची गरज उरत नाही. मला हे मान्य नाही. टिकून राहिलेल्या मुलामागे बहुतेक वेळा कुणीतरी टिकून राहिलेलं असतं.

हवाई बेटांमधल्या कवाई या ऊसमळ्यांच्या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातलं व्यसन, सततची भांडणं अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, जबाबदार माणसं झाली. हा आकडा भाषणांतून पुष्कळ फिरतो. उरलेल्या दोन तृतीयांशांचं नाव कुणी काढत नाही. जी तगली, त्यांच्यापाशी आजी, शेजारी किंवा शिक्षक असं भरवशाचं एक तरी मोठं माणूस होतं. काहींचा मूळ स्वभावही लाघवी होता, हे वर्नर नोंदवतात. पण स्वभाव शाळेच्या हातात नसतो; भरवशाचं माणूस देणं असतं.

त्या माणसाने शिकवायचं काय? इथे नुसती माया पुरत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. पस्तीसच्या भावाने दहा नारळांचे किती, असं गिऱ्हाईक म्हणून विचारलं, तेव्हा एक मूल तीन नारळांचे 105 धरून, तीन-तीन वाढवत आणि शेवटी एकाचे मिळवून 350 पर्यंत पोचलं. बाजारात अशी सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तशाच आकड्यांची गणितं नुसती मांडून दिली तेव्हा 37 टक्के. शाब्दिक उदाहरण म्हणून दिली तेव्हा 74. ऊसतोडीच्या फडावर आईबरोबर वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकणारी मुलगी असाच हिशेब करत असेल, तर वर्गात तिला ‘कच्ची’ ठरवणारी चाचणी नेमकं काय मोजते? अर्थात बाजाराच्या हिशेबाचं स्तोम माजवायलाही नको. तीन-तीनच्या उड्यांनी अपूर्णांक आणि बीजगणित येत नाही. तिथवरची पायरी शाळेनेच बांधायची असते, पण मुलीचा पाय जिथे टेकलाय तिथून.

आधार दिला की मुलं परावलंबी होतात, असा आक्षेप येतो आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला दिला जातो. दाखला चांगला आहे, फक्त अर्धा सांगितला जातो. ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या भाऊरावांनी मुलांना आधी वसतिगृह दिलं. ते चालावं म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. पोरांच्या स्वावलंबनाखाली रोज पेटणारी एक चूल होती.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो जास्त गंभीर आहे. पण मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने नेमलेल्या बालसख्या वस्तीतल्याच तरुणी होत्या. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या वीसेक मुलांना त्या रोज दोनेक तास वाचन आणि अंकगणिताच्या पायापासून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगात मुलांचे गुण स्पष्ट वाढले, तेही थोड्या खर्चात. (तो खर्च थोडा राहिला याचं एक कारण त्या बालसख्यांचं तुटपुंजं मानधन होतं. चिवटपणाची किंमत तिथेही कुणीतरी मोजतच होतं.)

म्हणून गाळप हंगाम आटोपून ऊसतोड मजुरांची टोळी गावी परतते, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या मुलांना वर्ग ज्या धड्यावर पोचलाय तिथे बसवून चालणार नाही. आधी तासभर त्यांच्याशी बोलून त्यांना काय येतं ते पाहावं लागेल. तो तास वेळापत्रकात कुठेतरी छापलेला हवा. नाहीतर तोही एखाद्या चिवट शिक्षिकेच्या मधल्या सुट्टीतून जाईल.