घरपट्टीची वाढ आणि तिची मर्यादा



घरपट्टीचें बिल हातीं पडलें कीं गृहस्थ प्रथम रक्कम पाहतो, आणि लगेच शेजाऱ्यास विचारतो, "आपणांस किती आली?" या प्रश्नांत केवळ कुतूहल नाहीं, न्यायाची अपेक्षा आहे. तिचाच आज थोडा विचार करूं.

आपल्या नाशकास घरपट्टी भाडेमूल्यावर बसते. घर भाड्यानें दिल्यास वर्षाला जें वाजवी भाडें येईल, त्यांतून दुरुस्तीखातर शेंकडा १० वजा करावयाचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर आकारावयाचा. म्हणजे कर दोन वाटांनीं वाढतो : दर वाढवून, किंवा मूल्य वाढवून. दुसरी वाट सामान्य माणसाच्या चटकन् ध्यानांत येत नाहीं. म्हणून तिला मर्यादा असावी, असें त्याला वाटतें.

तुकाराम मुंढे हे आयुक्त असतां, १ एप्रिल २०१८ पासून महापालिकेनें भाडेमूल्याचे दर बरेच चढविले. ते लागू झाले नव्या मिळकतींना. जुनीं घरें पूर्वींच्याच मूल्यावर राहिलीं. मोकळ्या भूखंडांनाही झळ लागली. असंतोष उसळला, आणि त्याच वर्षीं गोष्ट आयुक्तांवरील अविश्वासाच्या ठरावापर्यंत गेली. तो पुढें मागें घेण्यांत आला. परंतु मूळची विषमता पाहा. पंचवटींतील जुन्या वाड्याचे मालक, आणि कर्ज काढून पाथर्डी फाट्याला नवी सदनिका घेणारें तरुण जोडपें : शहर दोघांचें एकच, पट्टी मात्र नव्या घराला अधिक. जुन्यांना मिळालेलें अभय नव्यांच्या खात्यावर मांडलें गेलें.

मुंबईचा अनुभवही असाच बोलका आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, आणि त्यांबरोबर जुन्या इमारतींचें करयोग्य मूल्यही गोठलें. १ एप्रिल २०१० पासून तेथें भांडवली मूल्यावर आकारणी आली, तेव्हां वाढीला कुंपण घालावें लागलें : राहत्या घरांचा कर दुपटीहून आणि इतर मिळकतींचा तिपटीहून अधिक वाढूं नये. घरमालकाला अधिक आडोसा, दुकानदाराला कमी. पण दुकानावरचा बोजा पुष्कळदां भाडेकरूच्या किंवा गिऱ्हाइकाच्या माथीं येतो, हें विसरूं नये.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९७८ सालीं जनमतानें ठरलें कीं, मूल्य वर्षाला शेंकडा २ हून अधिक वाढवावयाचें नाहीं. घर विकलें गेलें, कीं मात्र नव्या किंमतीवर आकारणी. वृद्धांचीं घरें त्यामुळें सांभाळलीं गेलीं. पण लागून असलेल्या दोन सारख्या घरांच्या करांत मोठी तफावत पडली, आणि घर बदलणें अवघड झालें.

मर्यादा नसावी, असें माझें म्हणणें नाहीं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला एकाएकीं तिप्पट बिल देणें हा अन्यायच आहे. परंतु वर्षानुवर्षें आकारणीला हात न लावणें आणि मग एकदम घाव घालणें, हे दोन्ही दोष एकाच आळसाचे. फेरआकारणी ठराविक मुदतीनें व्हावी, वाढ बेताची असावी, आणि ती जुन्या-नव्यांना सारखी लागावी. ज्याची ऐपत नाहीं, त्याला सवलत उघडपणें द्यावी. शेजाऱ्याच्या बिलांत ती लपवूं नये.

मग "आपणांस किती आली?" या प्रश्नाचें उत्तर देतांना कोणासही संकोच वाटणार नाहीं.